हापूसच्या झाडावरचे विणकर

बालमित्रांनो, मे महिन्यात देवगडहून कुणकेश्वरला निघालात, की वाटेत ठिकठिकाणी जांभ्या दगडांचे गडगे आणि त्यांच्या आत हापूसच्या बागा दिसतात. तुमचं सगळं लक्ष आंब्यांकडे जाणार, हे मला ठाऊक आहे! पण जरा मान वर करून फांद्यांच्या शेंड्याकडे बघा. हिरवी पानं एकमेकांना चिकटवून केलेला, नारळाएवढा गोळा दिसेल. हात लावू नका हं! ते हुमल्यांचं घर आहे. कुणी त्यांना ओंबील म्हणतात. नाव 'हुमले' असं पुल्लिंगी, पण काम करणाऱ्या सगळ्या माद्याच बरं का!

या तांबूस मुंग्या जवळजवळ 1 सेंटिमीटर लांब असतात, त्यामुळे भिंगाशिवायही अवयव ओळखता येतात. डोकं, छाती आणि पोट. सहाही पाय छातीला जोडलेले. (चित्राच्या वहीत मुलं हमखास पोटालाही पाय काढतात!) डोक्यावर कोपरासारख्या वाकलेल्या दोन मिशा. वास घ्यायचा तो त्यांनीच. छाती आणि पोट यांच्यामध्ये दोऱ्यासारखी बारीक कंबर.

ही कंबर घर बांधताना फार कामाची. दोन पानांत अंतर जास्त असलं, की एक मुंगी दुसरीची कंबर जबड्यात धरते, दुसरी तिसरीची. अशी साखळी करून त्या पानं जवळ ओढतात. आता शिवायची कशी? मोठ्या मुंगीजवळ रेशीम नसतं, ते तिच्या अळीजवळ असतं. मग एकजण अळीला तोंडात धरते आणि या पानापासून त्या पानापर्यंत नेते-आणते, अगदी मागावरच्या धोट्यासारखी! अळी धागा सोडते, पानं चिकटतात. हे रेशीम घरालाच लागतं, म्हणून ती अळी स्वतःसाठी कोष विणत नाही.

झेला घेऊन झाडावर चढलेल्या गड्याला मात्र हे कौतुक कुठलं सुचणार? हुमल्यांना नांगी नसते. त्या कडकडून चावतात आणि शेपटाकडून फॉर्मिक आम्ल उडवतात. उंच फांदीवर अशी आग झाली, की हात सुटायची भीती. म्हणून कित्येकजण घरटी जाळतात. शिवाय हुमले गोड रसासाठी पिठ्या ढेकणांना सांभाळतात, ही बागायतदारांची तक्रारही खोटी नाही. पण पानं खाणाऱ्या अळ्या आणि भुंगेरे फस्त करतात तेही हेच. चीनमध्ये तर सन 304 च्या सुमारास संत्र्या-लिंबांच्या बागांत टांगायला लोक यांची घरटी विकत घेत! मला विचाराल, तर काढणीच्या आड येणारं घरटं काढावं, सरसकट सगळी जाळू नयेत.

बागेत गेलात तर खोडापासून हातभर दूर उभे राहा. दोघीजणी समोरासमोर थांबून तोंडाला तोंड लावताना दिसतील. मुंगीच्या पोटात दोन पिशव्या असतात, एक स्वतःसाठी, दुसरी वाटण्यासाठी. त्या दुसऱ्या पिशवीतला घास ती मैत्रिणीला देत असते. तो द्यायला किती वेळ लागतो, मनात आकडे मोजून बघा.