दोन सूर्यांचं रान

'स्टार वॉर्स' म्हटलं की कुणाला प्रकाशाच्या तलवारी आठवतात, कुणाला काळ्या मुखवट्याआडचा तो जड श्वास, कुणाला ताऱ्यांच्या रेघा ओढत सुटलेलं यान. मला शेत आठवतं. १९७७ साली आलेल्या पहिल्या चित्रपटात टॅटुइन नावाचा वाळवंटी ग्रह आहे. आभाळात दोन सूर्य, खाली नजर पोचेल तिथवर वाळू, आणि त्या वाळूत खांबांसारखी उभी केलेली यंत्रं. हवेत असेल नसेल तेवढा ओलावा ओढून ती त्याचं पाणी करतात. ओवेन आणि बेरू लार्स हे जोडपं ही ओलाव्याची शेती करतं. त्यांच्याकडे वाढलेला ल्यूक तिथं राबतो, यंत्रांची डागडुजी करतो आणि आभाळाकडे बघत राहतो. त्याला वैमानिक व्हायचंय. जेवताना तो विषय काढतो, तेव्हा ओवेनकाका सांगतो की सुगीतच तर तुझी खरी गरज असते, एवढा एक हंगाम थांब.

हे बोलणं परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही आखाड्यावर ऐकायला मिळेल. सोयाबीन निघू दे, मग जा पुण्याला. कापूस वेचून होऊ दे. तूर घरात येऊ दे, तुझ्या फीचं बघू. सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. पोराची ओढ त्याला कळत नाही असंही नाही. पण पाऊस लांबलेला असतो, मजूर मिळत नाहीत, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असतं, आणि घरातले तरणे हात निघून गेले तर रान कोण बघणार ही धास्ती त्याच्या आवाजात असते. चित्रपटात ल्यूक भरल्या ताटावरून उठतो. काकू नवऱ्याची समजूत घालते, की हा पोरगा शेतीत रमणारा नाही, बापावर गेलाय. काका म्हणतो, भीती त्याचीच आहे. मग ल्यूक बाहेर येऊन उभा राहतो. वाऱ्यानं त्याचे केस आणि सैल अंगरखा उडतोय. दोन सूर्य क्षितिजावर टेकलेत, एक पांढुरका आणि एक तांबडा. जॉन विल्यम्स यांचं संगीत हळूहळू चढत जातं. पोरगा एक पाय उंचवट्यावर ठेवून नुसता बघत राहतो.

मी हा प्रसंग पहिल्यांदा पाहिला तो केबलवर, हिंदीत. लाइट जायच्या आत चित्रपट संपावा, एवढीच काळजी होती. पुढच्या लढाया डोळ्यांसमोरून सरकल्या, हा प्रसंग मात्र राहिला. पुढे वाचनात आलं की ते रान ट्युनिशियात चित्रित झालं आणि ग्रहाचं नावही तिथल्याच एका गावावरून सुचलं. २०११ साली केप्लर दुर्बिणीनं दोन सूर्यांभोवती फिरणारा केप्लर-१६बी हा ग्रह शोधला, तेव्हा शास्त्रज्ञांनीही टॅटुइनचंच नाव घेतलं. दोनशेहून अधिक प्रकाशवर्षांवरचा तो ग्रह मला परका वाटला नाही. २०१५चा पावसाळा कोरडा गेला तेव्हा मराठवाड्यावर विमानं घिरट्या घालत होती, ढगांत क्षार फवारून पाऊस पाडायचा प्रयत्न चालला होता. शेतातली माणसं कपाळावर हात धरून त्या विमानाकडे बघायची. पुढच्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आपल्याकडेही टँकरची वाट बघत घागरींच्या रांगा लागल्या. हवेतून पाणी ओढणारं यंत्र ही त्या दिवसांत कल्पनेतली गोष्ट राहिली नव्हती.

त्याच २०१५च्या डिसेंबरात या मालिकेचा सातवा भाग आला, 'द फोर्स अवेकन्स'. जगभर तो १८ डिसेंबरच्या सुमारास लागला, आपल्याकडे त्या शुक्रवारी 'बाजीराव मस्तानी' आणि 'दिलवाले' असल्यामुळे आठवडाभर मागे सरकून नाताळात आला. दहा वर्षांनी मुख्य मालिकेचा नवा भाग मोठ्या पडद्यावर येत होता. जुने चाहते हरखले आणि लगेच कुरकुरलेही. पुन्हा वाळवंटातली अनाथ पोर, पुन्हा यंत्रमानवात लपवलेलं गुपित, पुन्हा ग्रह जाळणारं शस्त्र. नवं काय दिलं, असं त्यांचं म्हणणं. मला त्यात नवी होती ती रे. जाक्कू ग्रहावर पडलेल्या जुन्या जहाजांचं भंगार काढून विकणारी मुलगी. दिवसभराच्या कष्टाचं मोल म्हणून दुकानदार तिच्यापुढे कोरड्या पिठाची एक पुडी सरकवतो, कधी पाव पुडीच देतो. ती पुडी पाण्यात फुगून तिची भाकर होते, आणि ताट चाटून ती बाहेर वाळूत बसते. ही मुलगी कुणाची, हा प्रश्न चित्रपटानं मोकळा सोडला आणि दोन वर्षं चाहते त्याचं उत्तर शोधत राहिले. ल्यूकची मुलगी असेल, ल्यूकचा गुरू ओबी-वान याची नात असेल. 'फोर्स' नावाची ती गूढ शक्ती एवढी अंगात आहे म्हणजे घराणं मोठंच असणार, हे सगळ्यांनी धरूनच चाललं होतं.

२०१७च्या डिसेंबरात आठवा भाग आला, रायन जॉन्सन यांचा 'द लास्ट जेडाय', आणि उत्तर मिळालं. तू कुणाचीच नाहीस. तुझ्या आईबापांनी दारूच्या पैशासाठी तुला विकलं. या कथेत तुला जागा नाही, असं तिचा शत्रू तिला तोंडावर सांगतो. आणि तरी ल्यूकची जुनी तलवार दोघंही शक्तीनं ओढतात तेव्हा ती कमी पडत नाही, तलवार दोघांच्या मध्ये हवेतच थांबते.

आम्ही दोघं मित्र हा चित्रपट बघायला औरंगाबादला गेलो होतो. परतीच्या गाडीत जालना मागे पडलं तरी मित्र गप्प होता. परतूरच्या आसपास तो बोलायला लागला आणि मानवत रोड येईपर्यंत थांबला नाही. त्याला रे कुणाची याचं काही नव्हतं. त्याचं दुखणं ल्यूकचं होतं. तो ओलाव्याच्या शेतातला पोरगा आता म्हातारा झालाय, एका बेटावर दडून बसलाय, जगाला माझी गरज नाही म्हणतोय. रे त्याची जुनी तलवार मोठ्या आशेनं पुढे करते आणि तो ती खांद्यावरून मागे भिरकावतो. कधीकाळी त्यानं झोपलेल्या भाच्यावर तलवार उगारलेली असते, क्षणभरच, पण उगारलेली असते. मित्र म्हणाला, "अरे, ज्यानं डार्थ वेडरसारख्या बापातही चांगलं बघितलं, हातातलं शस्त्र टाकून दिलं, तो झोपलेल्या लेकरावर हात उचलेल का? हा आपला ल्यूक नाही." त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. त्याचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ल्यूकची भूमिका करणारे मार्क हॅमिल यांनीही या रूपाशी आपलं मुळातून पटत नसल्याचं दिग्दर्शकाला सांगितलं होतं. जगभर अशीच फाळणी झाली. समीक्षकांनी वाखाणलं, चाहत्यांतले कित्येक जण दुखावले गेले. त्यातल्या काहींनी तर ताळतंत्र सोडलं. त्या चित्रपटात रोझ टिको साकारणाऱ्या केली मेरी ट्रॅन या अभिनेत्रीवर वर्ण आणि रूपावरून इतकं ओंगळ लिहिलं गेलं, की २०१८ साली तिनं इन्स्टाग्रामवरच्या आपल्या सगळ्या नोंदी पुसून टाकल्या. कथेवरच्या प्रेमाच्या नावाखाली माणसाला ओरबाडणं, याला प्रेम म्हणता येत नाही. माझ्या मित्राचं भांडण वेगळं होतं. त्याला ल्यूक परत हवा होता, एवढंच.

मला मात्र तो चित्रपट आपल्या मातीतला वाटला, आणि त्याचं कारण गंगाखेडात आहे.

परभणी जिल्ह्यातलं, गोदावरीच्या काठावरचं गंगाखेड हे संत जनाबाईचं गाव. तिथं तिचं मंदिर आहे. लहानपणीच ती पंढरपुरात नामदेवांच्या घरी गेली आणि आयुष्यभर तिथं राबली. झाडलोट, दळण, शेणगोठा. स्वतःला ती नामदेवांची दासी म्हणवून घेत राहिली. तिला ना घराणं, ना मठ, ना गादी. तरी परंपरा सांगते की विठ्ठल तिच्या जात्याला हात लावायला आला, तिच्याबरोबर केर काढायला आला. वारकऱ्यांनी कुंभार, माळी, शिंपी, महार अशा सगळ्यांना संत म्हटलं आणि त्यांत या मोलकरणीलाही बसवलं. अधिकार रक्तातून येतो, हे मानायला त्या माणसांनी नकार दिला. त्यासाठी त्यांना काय सोसावं लागलं, हे चोखोबांच्या आयुष्यात दिसतं.

'द लास्ट जेडाय'चा शेवट आठवा. श्रीमंतांच्या एका शहरात, शर्यतीच्या जनावरांच्या तबेल्यात काही पोरं कामाला आहेत. रात्री ती पोरं ल्यूकची गोष्ट खेळण्यांनिशी एकमेकांना सांगतात. मालक ओरडतो, एक पोरगा बाहेर येतो. झाडू भिंतीला टेकवलेला आहे. पोरगा हात पुढे करतो आणि झाडू आपसूक त्याच्या मुठीत येतो. इतक्या सहज, की नीट बघितलं नाही तर निसटून जावं. त्या पोराचं नाव चित्रपटात कुणी उच्चारत नाही. मी थिएटरात बसलो होतो आणि मला गंगाखेडच्या त्या बाईच्या हातातला केरसुणीचा मूठभर बुडखा दिसत होता.

या मालिकेतली सगळी मोठी भांडणं जवळून बघितली तर त्यांच्या बुडाशी हाच एक प्रश्न सापडतो: ही शक्ती कुणाची? १९७७ साली म्हातारा ओबी-वान ल्यूकला सांगतो की ती सगळ्या जीवांतून वाहते, सगळ्यांना वेढून असते. १९८० साली कळलं की ल्यूक वेडरचा मुलगा आहे, १९८३ साली कळलं की राजकन्या लेया त्याची बहीण, आणि बघता बघता ती एका घराण्याची कथा झाली. १९९९ साली 'द फँटम मेनेस'मध्ये एका गुलाम मुलाचं रक्त तपासून त्यातल्या सूक्ष्म जीवांच्या संख्येवरून त्याची शक्ती मोजली गेली, तेव्हा चाहते चिडले. त्या चिडण्यात मला मोठं शहाणपण दिसतं. जे ध्यानानं, धीरानं, दुसऱ्यासाठी झिजून मिळतं असं वाटलं होतं, ते रक्ताच्या तपासणीत निघतंय म्हटल्यावर आपल्यासाठी काय उरलं? गावाकडच्या, घराण्याचं पाठबळ नसलेल्या पोराला असं वाटणारच.

म्हणून २०१९च्या डिसेंबरात नववा भाग, 'द राइज ऑफ स्कायवॉकर', आला आणि रे ही दुष्ट सम्राट पॅल्पटीनची नात निघाली, तेव्हा मला जे वाटलं त्याला दुःखच म्हणावं लागेल. आठव्या भागावर रागावलेल्यांची समजूत काढायला कथा मागे फिरली होती. मित्र खूश झाला. त्याचं म्हणणं होतं की रे शेवटी त्या सम्राटाचं रक्त नाकारते आणि ज्यांनी तिला जीव लावला त्यांचं नाव घेते, यातच सगळं आलं. त्याचं म्हणणं मी मान्य करतो. पण ती कुठं उभी राहून ते नाव घेते, हे मला विसरता येत नाही.

ती टॅटुइनवर येते. तेच शेत, आता ओस पडलेलं. घराच्या खड्ड्यात वाळू भरलीय. पहिल्याच चित्रपटात साम्राज्याच्या सैनिकांनी हे घर पेटवलं होतं आणि ओवेन-बेरू तिथंच गेले होते. रे वाळूवरून घसरत खाली उतरते, ल्यूक आणि लेया यांच्या तलवारी तिथं पुरते. वाटेनं जाणारी एक म्हातारी विचारते, तू कोण? आणि ती ल्यूकचं आडनाव लावून सांगते: रे स्कायवॉकर. लार्स हे नाव कुणी घेत नाही. ओवेन हा ल्यूकच्या बापाचा सावत्र भाऊ. रक्ताचं नातं काहीच नाही. तरी या दोघांनी ते तान्हं लेकरू घेतलं, वाढवलं, ओलावा गोळा करून त्याला पाणी पाजलं, आणि त्याच्यापायी मेले. घराण्यावाचून जीव लावता येतो, याचा त्या सगळ्या कथेतला सगळ्यात पहिला पुरावा त्या वाळूखाली होता. पुढे २०२२च्या 'ओबी-वान केनोबी' मालिकेत ओवेन आणि बेरू पोरासाठी हाती शस्त्र घेऊन उभे राहिलेले दिसले, तेव्हा मला बरं वाटलं.

एखाद्या चित्रपटावरून माणसं इतकी का तळमळतात, असं कुणी विचारलं तर मी सांगेन की त्या कथेत प्रत्येकानं आपल्यासाठी एक जागा धरून ठेवलेली असते. मित्राची जागा ल्यूकच्या शेजारी होती. आदर्श म्हणून ज्याला मानलं त्यानं खचू नये, ही त्याची मागणी होती, आणि आमच्या भागात मोठी माणसं खचताना ज्यानं बघितलीत त्यानं ती करावी हे साहजिक आहे. माझी जागा शेतात होती, झाडूवाल्या पोराजवळ होती. नव्या भागानं एकाची जागा राखली की दुसऱ्याची जाते. दोन्ही माणसं खरं बोलत असतात.

२०२७ साली पहिल्या चित्रपटाला ५० वर्षं होतील. नवे भाग येत राहतील आणि आम्ही दोघं ते बघायला बरोबरच जाऊ. करणाऱ्यांनी हवं तेवढं बदलावं, जुनं मोडावं, ल्यूकसारख्यांना म्हातारं करावं, चुकवावं, उठवावं. माझी मागणी एकच आहे. ज्या जिल्ह्यानं घराणं नसलेल्या एका दासीचं नाव साडेसहाशेहून अधिक वर्षं ओठांवर ठेवलं, तिथला प्रेक्षक म्हणून ती मी हक्कानं करतो: त्या शक्तीला पुन्हा कुणाचं आडनाव लावू नका.