स्टॉर्म आली, पण हळूहळू

‘पोरीनं फ्लॅट बुक करायचा सोडून खेळण्यातली गाडी आणली!’ ही बातमी आमच्या मंगळवार पेठेत माझ्या आधी पोचली होती. आणि खरं सांगायचं तर बातमी अगदीच चुकीची नव्हती. पुण्यात नोकरी, कोल्हापुरात घर आणि बँकेत फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी जमवलेले पैसे, असा माझा सुखाचा संसार होता. त्यातला एक बरा तुकडा तोडून मी दिवाळीनंतर गोव्याला गेले आणि एक लाल सॅन स्टॉर्म घेऊन आले.

सॅन स्टॉर्म हे नाव तुम्ही ऐकलं नसेल तर तुमचा दोष नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला आलेली, चक्क गोव्यात तयार झालेली ही दोन सीटची, छप्पर उघडणारी छोटी स्पोर्ट्स कार. बॉडी फायबरग्लासची, इंजिन रेनोचं, ११४९ सीसीचं आणि ताकद साधारण ६० बीएचपी. आजची साधी हॅचबॅकही तिला सिग्नलवर मागे टाकेल. पण गाडी हलकी आणि आपण बसतो जवळजवळ रस्त्यावरच, त्यामुळे ६०चा स्पीडसुद्धा अंगावर येतो. कॉलेजात असताना पुण्याच्या रस्त्यावर एकदाच दिसली होती. तेव्हापासून डोक्यात बसली ती बसलीच.

म्हापशाजवळच्या एका गावात ती पोर्चमध्ये उभी होती. २००६ची गाडी, १५ वर्षं झाल्यावर रजिस्ट्रेशन रिन्यू केलेलं आणि मीटरवर फक्त ११,४०० किलोमीटर! म्हणजे १९ वर्षांत वर्षाला सरासरी ६००. मालक बरीच वर्षं परदेशात. मी काही अगदीच भोळी नाही. मीटर फिरवलाय का, ते बघायच्या खुणा पाठ करून गेले होते. क्लच-ब्रेकच्या पेडलचं रबर झिजलेलं नाही. स्टिअरिंग गुळगुळीत झालेलं नाही. ड्रायव्हरची सीट दरवाजाच्या बाजूला दबलेली नाही. जुनी सर्व्हिसची बिलं आणि पीयूसी, सगळीकडे आकडे ओळीनं चढत गेलेले. टायरच्या बाजूला चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तिथेही ‘०६’. म्हणजे टायरसुद्धा कंपनीतून आलेले! मी मनातल्या मनात उडी मारली. त्याच टायरमुळे रडायची वेळ आली असती, हे तेव्हा कळलं नाही.

आंबोलीमार्गे, पण टेम्पोतून

चालवत आणायचा मोह खूप झाला. पण इतकी वर्षं उभ्या गाडीवर घाट उतरणं-चढणं नको, एवढी अक्कल शिल्लक होती. फ्लॅटबेड ठरवला आणि मी ड्रायव्हरकाकांशेजारी बसले. बांदा, सावंतवाडी, मग आंबोलीचं धुकं. आजऱ्याला चहा, गडहिंग्लज, संकेश्वरला हायवे. निपाणीला टोळकं जमलं. ‘इंपोर्टेड हाय का?’ ‘नाही हो, गोव्याची!’ त्यावर एका आजोबांनी विचारलं, ‘मिस्टरांची का?’ माझी, म्हटल्यावर त्यांनी गाडीकडे आणि माझ्याकडे सारख्याच काळजीनं पाहिलं.

खरी परीक्षा घरी होती. बाबांनी चाळीस वर्षं शिवाजी उद्यमनगरात लेथवर काढली. आई गेल्यापासून दोन वर्षं त्यांचं जग म्हणजे हॉल, टीव्ही आणि खिडकी. डॉक्टर म्हणतात, रोज चाला. हे म्हणतात, उद्यापासून. गाडी दारात उतरली, तेव्हा ते बाल्कनीतूनच म्हणाले, ‘किती पळलीय?’

‘फक्त अकरा हजार चारशे, बाबा!’

‘मग बिघडलेली असणार,’ म्हणाले आणि आत गेले.

पैलवान आणि लांग

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात मिस्त्रींनी तेच सांगितलं, फक्त जास्त प्रेमानं. ‘ताई, गाडी पळली न्हाई म्हंजे ती नवी असं न्हवं. पैलवानानं धा वर्षं लांग बांधली न्हाई, तर तो ताजा ऱ्हातोय व्हय? त्याला उद्या खासबागेत उतरवशीला?’

शोरूमच्या चकचकीत भाषेत कुणी मला हे इतकं सोपं करून सांगितलं नसतं. पळणारी गाडी झिजते, हे आपल्याला माहीत असतं. उभी गाडी सुकते, हे आपण विसरतो. ऑइल खाली बसतं आणि सिलिंडरच्या भिंती कोरड्या पडतात. सील आणि होज कडक होतात. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं, म्हणून ते किलोमीटरवर नाही तर दोन वर्षांच्या हिशेबानं बदलायचं असतं. टायमिंग बेल्टचंही तसंच. टाकीतल्या जुन्या पेट्रोलचा चिकट गाळ होतो. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. जुन्या गाडीच्या रबरी पाइपांना ते मानवेलच असं नाही. फायबरची बॉडी गंजत नाही हे खरं, पण खालचं लोखंड गोव्याच्या दमट हवेत आपलं काम करतच असतं. आणि उंदरांनी वायरिंगवर पार्टी केली होती ती वेगळीच.

मिस्त्रींनी आठवडाभर गाडीला स्टार्टर मारू दिला नाही. टाकी उतरवून धुतली. पेट्रोलचे पाइप, बेल्ट, प्लग, बॅटरी, कूलंट, ऑइल सगळं नवं. प्लग काढून सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडलं आणि पान्यानं इंजिन हातानं फिरवलं. मग प्लगशिवायच थोडा स्टार्टर मारून ऑइल वर चढवलं. त्या माझ्या लाडक्या ‘ओरिजिनल’ टायरना बोटभर भेगा होत्या. १०० स्पीडला त्यातला एक फुटला असता तर... असो. ते आधी भंगारात गेले. आठव्या दिवशी इंजिन सुरू झालं आणि अख्ख्या गल्लीत निळा धूर झाला. मी टाळ्या वाजवल्या. मिस्त्री म्हणाले, ‘टाळ्या पाचशे किलोमीटरनं.’

वाघबीळचा वास

मग माझं वीकेंड शेड्यूल ठरलं. शुक्रवारी रात्री पुण्याहून यायचं आणि शनिवारी पहाटे गाडी काढायची. आधी फक्त रंकाळ्याला चक्कर, मग विद्यापीठापर्यंत. प्रत्येक वेळी घरी आल्यावर गाडी गार होऊ द्यायची, खाली कागद टाकून कुठे थेंब पडतो ते बघायचं आणि पाणी-ऑइल तपासायचं. तीन हजार आरपीएमच्या वर जायचं नाही. पण टॉप गिअरमध्ये धापा टाकत ओढायचंही नाही आणि एकाच स्पीडला तासभर चालवायचं नाही. नव्या टायरचा वरचा गुळगुळीतपणा जाईपर्यंत वळणावर शहाणपणा करायचा नाही. ब्रेक पॅडही बसवून घ्यावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर ६०वरून २०वर आणायचं, पूर्ण थांबायचं नाही, थोडं गार होऊ द्यायचं आणि परत तेच. परत येताना गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर ग्लासभर धारोष्ण दूध. तालमीतून आल्यावर पैलवान पितात तसं!

तिसऱ्या आठवड्यात मात्र माझा धीर सुटला. जेमतेम दोनशे किलोमीटर झाले होते. पुण्याचे दोस्त आले होते, त्यांना भाव खाऊन दाखवायचा होता. बाबा एवढंच म्हणाले, ‘अगं, घाट कशाला एवढ्यात?’ मी ऐकलं नाही. शिवाजी पूल, केर्ली, वाघबीळ, पन्हाळा. चढताना गाडी झकास. वर झुणका-भाकर, फोटो, सगळं झालं. उतरताना वाघबीळच्या वळणांवर जळका वास आला. गाडी डावीकडे ओढायला लागली. कशीबशी बाजूला घेतली, तर पुढच्या डाव्या चाकाजवळ हात नेता येत नव्हता इतकं तापलेलं. दोस्तांचे चेहरे पांढऱ्या रश्श्यासारखे.

बाबांना फोन केला. बोलणी खायची तयारी होती. पण पलीकडून फक्त प्रश्न आले. ‘चाक मोकळं फिरतंय का? पेडल कडक आहे का मऊ?’ मग, ‘थांब तिथंच. पाणी ओतू नको.’

पाऊण तासानं शेजारच्या पोराच्या स्कूटरवर मागे बसून बाबा आले. खिशात दोन पाने, खांद्यावर जुना टॉवेल. दोन वर्षांत ते कोपऱ्यावरच्या मेडिकलच्या पुढे गेले नव्हते. चाक गार झाल्यावर ते रस्त्यावर चक्क आडवे झाले. मागून एसटी हॉर्न वाजवत होती आणि मला काय करावं ते कळत नव्हतं. त्यांनी ब्रेकचा छोटा निपल थोडा ढिला केला. ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं.

‘पिस्टन चांगला आहे. होज गेलाय,’ ते म्हणाले. ‘बाहेरून ठीक दिसतो, आतून फुगलेला असतो. प्रेशर आत जातं, परत येत नाही.’ उद्यमनगरात ब्रेक खोलले, तेव्हा तो होज चांगला दिसतोय म्हणून राहू द्या, असं मीच म्हटलं होतं. चारशे-पाचशे रुपये वाचवायला.

‘आता चालवू का?’

‘नाही. टेम्पो बोलाव.’

घरी परतताना ते टेम्पोत पुढे बसले होते. बोलले एकदाच, पंचगंगेच्या पुलावर. ‘दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक बघतेस ना? राजाराम महाराजांच्या वेळची, १९३०च्या दशकातली गाडी. अजून दसरा चौकात स्वतःच्या चाकावर येते. शोकेसमध्ये ठेवली असती तर आली असती का?’

पाचशे

सोमवारी मी पुण्याला गेले. मंगळवारी रात्री बाबांचा फोन. चारही होज बदलून झाले होते. जुना नमुना घेऊन ते स्वतः उद्यमनगरात हिंडले होते, चालत. ‘मिस्त्रींचा पोरगा लेथवर काय घाण काम करतो,’ असंही वर सांगितलं. बुधवारी ते परत गेले, त्या पोराला दाखवायला.

ज्यांना असली गाडी घ्यायचीय त्यांना दोन शब्द. मीटरचा आकडा बघून भुलू नका. ती उभी किती वर्षं होती, ते विचारा. गाडीच्या किमतीशिवाय तिला पुन्हा रस्त्यावर आणायचा खर्च बाजूला ठेवा. माझा तरी अंदाजाच्या दुप्पट झाला. दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला टॅक्स हे धरून चाला. ‘एमएच ०९’ मिळेपर्यंत मी बऱ्याच खिडक्या बघितल्या. आणि ब्रेकच्या बाबतीत ‘चांगला दिसतोय’ हे वाक्य तोंडातून काढू नका.

फ्लॅट एक वर्ष पुढे गेला. वाईट वाटतं का? ईएमआयवाल्या मित्रमैत्रिणींना भेटले की वाटतं. पण शनिवारी पहाटे पाचला मला उठवायला आता अलार्म लागत नाही. बाबा दार वाजवतात. त्यांच्याकडे एक वही आहे. तारीख, किलोमीटर, ऑइल, कुठे आवाज. हिशेब माझ्यापेक्षा चोख.

परवा मीटर ११,९०० झाला. मिस्त्रींनी ऑइल बदललं, जुनं ऑइल बोटांवर चोळून उजेडात बघितलं आणि टाळी वाजवली. एकच, पण वाजवली. मग राधानगरी रोडला लागलो. छप्पर उघडं, हवेत गुऱ्हाळाचा गोड वास. हळदीच्या पुढे बाबा म्हणाले, ‘आता पळव.’

मी गिअर टाकला आणि समोर उसाच्या दोन ट्रॉल्या! ट्रॅक्टर डुलत डुलत वीसच्या स्पीडनं भोगावतीच्या कारखान्याकडे निघालेला. आमची स्पोर्ट्स कार त्याच्या मागे. पुढे चौकात सगळेच थांबले. मी वैतागून हॉर्नवर हात ठेवणार, तेवढ्यात अडुसष्ट वर्षांचे आमचे बाबा सीटवरून अर्धे उठले, ट्रॉलीतून एक ऊस ओढून काढला आणि गुडघ्यावर मोडून अर्धा माझ्या हातात दिला.

‘खा,’ म्हणाले. ‘घाई नाही.’