हौदातले मासे, काठावरची ढोकरी

आमच्या परसात जांभ्या चिऱ्यांचा हौद आहे. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे त्यात पूर्वीपासून आहेत. मुंबईच्या पोरांनी सुट्टीत गोल्डफिश आणून सोडले आणि हौदावरची वर्दळ वाढली. पहाटे ढोकरी येते. मातकट रंगाची, मान आखडून अशी उभी राहते की दगडच वाटावा. उडाली की पंख पांढरेशुभ्र! आंब्याच्या फांदीवरून खंड्या सूर मारतो.

चार दिवसांत सात गोल्डफिश गेले. गप्पी मात्र दिसेनात तरी होते. पोरांनी रडून घर डोक्यावर घेतले. शेजारचे चाचा म्हणाले, "छर्‍याची बंदूक आहे माझ्याकडे. सांगा फक्त." दादी तिथेच तांदूळ निवडत होती. म्हणाली, "ती तिचं रिज्क शोधत येते, बाबा. राखण कुणी करायची, ते ठरवा."

आम्हांला ते पटले. गोल्डफिश मुळात मळकट रंगाचा मासा. चीनमध्ये हजारेक वर्षे निवडून निवडून माणसाने त्याला सोनेरी केले. लपायचा रंग काढून घेतला, वर गवत नाही, गाळ नाही, अशा उघड्या हौदात ठेवला. मग पाखराला चोर कसे म्हणायचे?

बंदुकीवरून सलीम अली आठवले. लहानपणी त्यांनीही छर्‍याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, हे विचारायला ते मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले आणि आयुष्यभर पाखरांचेच झाले. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ढोकरी मारणे गुन्हा आहे, हेही चाचांना सांगितले.

मग कामाला लागलो. ढोकरी पोहत शिकार करीत नाही, उथळ पाण्यात उभी राहते. म्हणून हौदातली पायरी काढली. आता काठ सरळ, पाणी तीन फूट. तळाशी फुटकी मडकी आणि जुनी कौले रचली. अर्ध्या पाण्यावर कमळाची पाने पसरू दिली. हौदावर झुकलेली फांदी छाटली. जाड दोऱ्याची जाळी चौकटीवर ताणून पाण्यापासून हातभर उंच बसवली. जाळी पाण्याला टेकली तर चोच आरपार जाते. बारीक नायलॉनची, सैल असली तर पाखराचे पाय आणि पंख अडकतात, ते तडफडून मरते. बुजगावण्याच्या नादी लागलो नाही. पाखरे त्याला चार दिवसांत ओळखतात.

मासे आता वाढताहेत. ढोकरी येते, बघते आणि खालच्या भातखाचरात उतरते. तिथे तिचे बेडूक आहेत, खेकडे आहेत. ती खाचरे बुजवून प्लॉट पाडायची बोलणी गावात चालली आहेत. जाळीने हौद राखता येतो. खाचरे कशाने राखायची, याचा विचार आता साऱ्या गावाने करायला हवा.