हाजींचे फोटो

अब्बांचा इंतकाल झाला तेव्हा घरात त्यांचा एकच फोटो निघाला, हजच्या पासपोर्टसाठी काढलेला. कुऱ्यात त्यांचं नाव कधी आलंच नाही. पुढच्या वर्षी, 2024 मध्ये, आम्ही नवी मुंबईच्या पालिका शाळेतून खादिमुल हुज्जाज म्हणून गेलो. खादिम म्हणजे हाजींच्या खिदमतीला पाठवलेला सरकारी नोकर. रुबाब काही नाही, धावपळ फार.

मिनात सगळे तंबू सारखेच. म्हणून प्रत्येक म्हाताऱ्या हाजीचा आम्ही मोबाईलवर फोटो काढत असू: चेहरा, मनगटातलं कडं, मागे तंबूचा नंबर. काहींना तस्वीर नको असे; त्यांचं नुसतं कडं टिपायचो. जबरदस्ती कशाला?

17 जूनला हरम शरीफमध्ये पारा 51.8 अंशांवर गेला. त्या हजमध्ये 1,301 माणसं दगावल्याचं सौदी सरकारने सांगितलं. त्यांतली 83 टक्के बिनपरवान्याची, म्हणजे ना तंबू ना सावली. आमच्या गटातले तळोज्याचे एक चाचा त्या रात्री परतलेच नाहीत. फोटो दाखवत आम्ही दवाखाने पालथे घातले. फजरच्या सुमारास सापडले, हाताला सलाईन. आमच्या हातातला मोबाईल पाहून म्हणाले, "मास्तर, आता काढू नका, डोक्यावर टोपी नाही."