जर-तरचे ओझे

एखादे वाक्य आपण सहज बोलून जातो आणि ऐकणारा ते वर्षानुवर्षे वाहत राहतो. माझ्या हातून असे एकदा घडले.

माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा २०१४ साली अकोल्यात जन्मला. जन्मताच तो रडला नाही. मेंदूला प्राणवायू कमी पडला आणि सेरेब्रल पाल्सी आयुष्यभराची सोबतीण झाली. त्याच सुमारास परदेशातील एक उपचार माझ्या वाचनात आला : जन्मानंतर सहा तासांच्या आत बाळाचे शरीर साडेतेहतीस अंशांपर्यंत थंड करून ७२ तास तसेच ठेवायचे. मी अमरावतीहून गेलो आणि विद्वत्तेच्या भरात म्हणालो, "मोठ्या शहरात नेलं असतं तर!" ती काही बोलली नाही; पण त्या दिवसापासून तिने स्वतःला अपराधी ठरवले.

२०२१ साली 'हेलिक्स' या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. भारत, श्रीलंका व बांगलादेश येथील ४०८ नवजात बालके त्यात होती. थंड केलेल्यांपैकी ४२ टक्के दगावली, न केलेल्यांपैकी ३१ टक्के. श्रीमंत देशांत गुणकारी ठरलेला उपचार आपल्याकडे तारक ठरला नाही. इकडील बाळांच्या मेंदूची इजा पुष्कळदा प्रसूतीपूर्वीच सुरू होत असावी, असा संशोधकांचा तर्क आहे. आपल्या लेकरांचा अभ्यास आपल्याच भूमीत व्हायला हवा, तो यासाठी.

बडनेऱ्याला गाडी धरून मी अकोला गाठले. भाच्याची मान सरळ धरून बहीण त्याला कुस्करलेला वरणभात भरवीत होती. मी सारे सांगितले, क्षमा मागितली.

"दादा, हे तेव्हाच कळलं असतं तर..." ती म्हणाली आणि स्वतःच्याच 'तर'पाशी थबकून हसली. "जाऊ दे. याला ठसका न लागता कसं भरवावं, हे शिकवणारं कोणी आहे का, ते बघ. अन् माझ्यामागे याचं कोण, तेही."

परतवाड्याजवळील वझ्झरला शंकरबाबा पापळकरांनी टाकून दिलेल्या दिव्यांग मुलांना स्वतःचे नाव दिले. अठरा वर्षांनंतरही अशा मुलांना आश्रमातच राहता यावे, असा कायदा ते मागत आले. २०२४ साली त्यांना पद्मश्री मिळाली. बहिणीचा दुसरा प्रश्न तोच आहे.

पहिल्या प्रश्नाच्या शोधाला मी लागलो आहे. उपदेशापेक्षा ते बरे.