मंचरहून घोडनेरांत

पुण्याहून नाशिकच्या रस्त्यानें सुमारें ६० किलोमीटर गेलें कीं मंचर लागतें. तेथून पश्चिमेस घोडेगांवाकडे वळावें. उजव्या हातास घोड नदी राहते आणि सह्याद्रीच्या रांगा हळूहळू जवळ येऊं लागतात. या खोऱ्यास जुने लोक ‘घोडनेर’ म्हणत. आज हा शब्द क्वचितच कानीं पडतो.

गेल्या मार्गशीर्षांत मी या वाटेनें गेलों, तो एका जुन्या चुकीच्या स्मरणानें. मंचरला शिक्षक असतांना मीं एकदां वर्गांत ‘नेर’ या शब्दाचें मूळ सांगितलें होतें : संस्कृत नगर, प्राकृत णयर, मराठी नेर, संगमनेर म्हणजे संगमावरचें नगर. इतक्यांत आंबेगांवचा एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडं नेर म्हंजे खोरं. आमी घोडनेरातले.” मीं विचारलें, “मग हें घोड नांवाचें नगर कोठें आहे, दाखव पाहूं!” वर्ग हंसला. मुलगा खालीं बसला.

पुढें जुन्नराखालील बारा मावळांची परंपरागत यादी पाहण्यांत आली. तींत घोडनेर, मीननेर, भीमनेर, भामनेर अशीं नांवें आहेत. घोड, मीना, भीमा, भामा या तर चारहि नद्या! पुण्याकडे पवनेच्या खोऱ्यास पवन मावळ म्हणतात, तसेंच इकडे घोडेच्या खोऱ्यास घोडनेर. माझें सूत्र संगमनेरास लागू पडो वा न पडो, घोडनेरास तें लागू नव्हतें. मुलगा बरोबर होता. आणि मीं त्याच्या घरच्या शब्दाचा अर्थ त्याला विचारण्याऐवजीं त्यालाच शिकविला होता.

डिंभ्यास धरणाजवळ उभा राहिलों. समोर दूरवर पाणी पसरलें होतें. जुनें आंबेगांव या जलाशयाखालीं गेलें. तालुक्यास त्याचें नांव राहिलें आहे. कचेरी मात्र घोडेगांवीं. गांवचीं घरें उठून गेलीं, तीं कोठकोठें विखुरलीं असतील! तो मुलगा भेटता, तर त्याची क्षमा मागितली असती.

घरीं आल्यावर जुनी टिपणवही काढली आणि ‘नेर : नगर’ या ओळीखालीं लिहिलें, ‘नेर : खोरें. आंबेगांवच्या विद्यार्थ्याकडून.’ वाचकांपैकीं कोणाच्या घरीं घोड किंवा मीना नदीकांठचीं वडील माणसें असतील, तर त्यांना हा शब्द अवश्य विचारावा, आणि ती सांगतील तें आधीं लिहून घ्यावें. व्युत्पत्ति मागाहून पाहतां येते.