दर्यापूरच्या लेकीचा दर्या

आमच्या सौ.चे माहेर दर्यापूर तालुक्यातले. तालुक्याच्या नावात दर्या असला तरी पन्नाशी उलटेपर्यंत बाईने समुद्र पाहिला नव्हता. लग्न ठरले तेव्हा "तुला समुद्र दाखवीन" असे वचन मी मोठ्या ऐटीत देऊन बसलो होतो. पुढे मुलांची शिक्षणे, आईचे दीर्घ आजारपण, नांदगाव पेठेतल्या घराचे बांधकाम. या साऱ्यांत ते वचन बत्तीस वर्षे थकबाकीत पडले.

गेल्या माघात मुलाने इटलीची चित्रे दाखविली. अमाल्फीचा तो डोंगरकडेचा वळणावळणाचा रस्ता, खाली निळाशार समुद्र आणि स्कूटरवरून निघालेले एक जोडपे. सौ. बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "फटफटी तं आपल्याकडेही आहे."

झाले! सावकाराचा तगादा याहून सौम्य शब्दांत कधी झाला नसेल.

नातलगांनी आम्हांला वेड्यात काढले. आगगाडी सोडून या वयात बुलेटवर? समृद्धी महामार्गावर दुचाकीला मज्जाव. तेव्हा अकोला, खामगाव, जालना, नगर, पुणे असे मुक्काम करीत, मागच्या सीटवर सतरंजीची घडी घालून, ताम्हिणी घाट उतरून आम्ही एकदाचे मुरूडला पोचलो.

मी अभिमानाने समुद्राकडे हात केला. जणू तो मीच बांधून घेतला होता! सौ.ने पातळ सावरले, पाण्यात उतरली, ओंजळ भरली आणि चक्क तोंडाला लावली.

"अहो, हे तं आमच्या विहिरीचंच पाणी!"

वऱ्हाडाबाहेरच्या वाचकांना सांगायला हवे, की अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. समुद्र शेकडो कोस दूर, आणि विहिरीचे पाणी मात्र खारे. त्यात डाळ शिजत नाही, ते पिकाला देता येत नाही. सौ.चे लहानपण डोक्यावरून गोडे पाणी वाहण्यात गेले. तिचे वडील मूत्रपिंडाच्या विकाराने गेले. गाव त्याचा दोष पाण्यालाच देते. शेवटी शेवटी डॉक्टरांनी त्यांना पाणीसुद्धा मोजून द्यायला सांगितले होते.

दुसऱ्या दिवशी राजपुरीहून शिडाच्या होडीने जंजिऱ्यावर गेलो. नावाडी इतिहास सांगत होता: सिद्दीचा हा किल्ला, 1682 मध्ये संभाजी महाराजांनी वेढा घातला तरी पडला नाही, 1948 मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. सौ.चे त्याकडे लक्ष नव्हते. तिचे लक्ष होते आतल्या तळ्यांकडे. चारी बाजूंनी खारा समुद्र तटाला धडका देतो, आणि पोटात गोड्या पाण्याची दोन मोठी तळी! पाणी आता शेवाळून हिरवे झाले आहे. तरी ती काठावर बसून राहिली. होडीवाला हाका मारू लागला.

"भोवती समुद्र असून इथं गोडं," ती म्हणाली, "आणि आमच्या बाबांना..."

पुढचे वाक्य तिने पुरे केले नाही, मीही करायला लावले नाही. मला आठवत होता सासुरवाडीचा चहा. "तुमच्याकडे चहात मीठ घालतात काय?" अशी थट्टा मी बत्तीस वर्षे दर खेपेला केली होती आणि साऱ्या घराने ती हसून साजरी केली होती. सासरेबुवाही हसत. मी समुद्र दाखवायला निघालो होतो. तिच्या घरचा समुद्र मात्र मी एकदाही पाहिला नव्हता.

परतताना अकोल्याहून दर्यापूरकडे वळलो. मेव्हण्याच्या घरी आता नळ आला आहे, पण त्या दिवशी नळाची पाळी नव्हती. चहा विहिरीच्याच पाण्याचा झाला. मेव्हणा माझ्या थट्टेची वाट पाहत उभा होता.

मी कप रिकामा केला आणि आणखी अर्धा मागितला. सौ.ने माझ्याकडे पाहिले आणि मुकाट्याने ओतला.